न बघता दिलेला गेरू

दक्षिणेतल्या मेलक्कुळम गावात राक्काईच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. त्रेसष्ट वर्षांची विधवा कुंभारीण. अंगात हाडं आणि राग यांखेरीज फारसं काही उरलेलं नाही, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की मिनीबसचा ड्रायव्हरसुद्धा हॉर्नवरचा हात काढून घ्यायचा. तरी लोक तिच्या दारी येत, शिव्या खात आणि पुन्हा येत. पंचक्रोशीत अक्की लिहिणारी ती एकटीच उरली होती.

आपण जिला नागीण म्हणतो ती इकडची अक्की. अंगावर पाण्याने भरलेले फोड उठले, आग आग व्हायला लागली की डॉक्टरच्या आधी कुंभाराचं दार. कुंभाराने सहाणेवर गेरू उगाळायचा, कोंबडीचं पीस त्यात बुडवायचं आणि फोडांवर सिंह काढायचा. सिंह बघून अक्की पळते म्हणे. राक्काईचा सिंह मांजरासारखा दिसायचा. हे तिला तोंडावर सांगणारा एकच माणूस होता, तिचा नवरा, आणि त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

सासऱ्याने हे काम तिच्या हाती दिलं तेव्हा बजावलं होतं, की बघितल्याशिवाय पीस बुडवायचं नाही. चाळीस वर्षं बघून बघून तिला अक्की पाठ झाली होती. अक्की एका बाजूची असते. पाठीच्या कण्यापासून निघते, बरगडीखालून पट्ट्यासारखी पुढे येते आणि पोटाच्या मध्यावर थांबते, पलीकडे जात नाही. एकदा येऊन गेली की बहुतेकांना जन्मात परत येत नाही. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला एवढं कळत होतं. पण जी जागा दाखवता येत नाही तिथे फोड उठले की बायका लाजत, घरातली म्हातारी डबा घेऊन यायची आणि राक्काई डब्यात गेरू घालून द्यायची. मनुष्याच्या अंगात हाता-पायाला, पाठी-पोटाला डोळ्यासमोर यायची मुभा आणि बाकीच्या जागेने मुकाट कुजायचं, हा नियम कोणी केला देव जाणे. पण गावाने तो पाळला आणि राक्काईनेही पाळला.

वेळ्ळत्ताई अशीच चैत्रातल्या एका सकाळी झाकणाचा डबा पदराखाली धरून आली.

"अक्का, थोडा गेरू उगाळून दे. घरी नेते."

"कोणाला झालीय?"

"तेन्मोळीला."

"मग तिला आण. दोन गल्ल्या चालवत नाहीत होय?"

"नववा लागलाय तिला, अक्का."

"नववा लागला म्हणून पाय गळून पडले? मी नवव्यात भट्टी लावली होती. कुठं उठलीय?"

वेळ्ळत्ताईने मान खाली घातली. "दाखवता येत नाही तिथं."

राक्काई दोन शिव्या पुटपुटली, एक उन्हाला आणि एक वेळ्ळत्ताईला, आणि सहाणेपाशी बसली. तेन्मोळी वेळ्ळत्ताईची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी लग्न झालं. नवरा वैरवन बोअर मारायच्या गाडीवर कामाला, चार-चार महिने परराज्यात. सातव्या महिन्यात सासरच्या अंगणात बांगड्या भरल्या आणि पहिलं बाळंतपण म्हणून आईने तिला माहेरी आणलं. सगळं रीतसर झालं होतं. गेरूसुद्धा रीतसर डब्यात गेला.

पाचव्या दिवशी राक्काईला पोर नळावर दिसली. घागर कमरेवर घ्यायला वाकली आणि तशीच थिजली. मग पाय फाकवून, एकेक पाऊल मोजून टाकत निघाली. तोंड तापाने तांबडं झालेलं, ओठ सालपटलेले.

"ए पोरी, थांब. अशी बदकासारखी काय चालतेस?"

"काही नाही, अप्पत्ता. उष्णता झालीय." आजीला इकडे अप्पत्ता म्हणतात.

"ओठ बघ तुझे. भर उन्हाळ्यात पाणी पीत नाहीस का?"

तेन्मोळीने इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्यायचं सोडलंय. प्यायलं की जावं लागतं ना. लघवीला बसले की तिखट ओतल्यासारखं होतं. काल आईने तोंडात पदर कोंबला माझ्या, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून."

राक्काईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटात नऊ महिन्यांचं मूल आणि ही पोर तहानेने मरतेय, कारण शेजाऱ्यांना ऐकू जाईल! तिने घागर तिथेच ठेवायला लावली, तेन्मोळीला दंडाला धरून घरात आणलं, दार लावलं आणि खिडकीपाशी चटई टाकली.

"झोप. आणि लाजायचं असेल तर आधी लाजून घे, मग साडी वर कर."

तिने बघितलं. आधी तिला फक्त स्वतःचा गेरू दिसला. सुकून टणक झालेला, भेगा पडलेला, कातडीला धरून बसलेला. कोमट पाण्याचा बोळा घेऊन ती तो भिजवत राहिली आणि तेन्मोळी चटईचा काठ चावत राहिली. थोडा गेरू सुटला तसं खालचं दिसायला लागलं. उजवीकडेही फोड, डावीकडेही. काही टाचणीच्या डोक्याएवढे, घोसाने आलेले, पाण्याने भरलेले. बाकीचे फुटून त्यांच्या उथळ, लालभडक जखमा झालेल्या. दोन्ही जांघांत गाठी सुजून अवधाण आलेलं, बोट लावू देत नव्हतं.

"आधी काय झालं? फोडांच्या आधी?"

"ताप आला. कंबर, मांड्या ठणकत होत्या. मग तिथं मुंग्या आल्यासारखं झालं. आई म्हणाली उष्णता. शहाळं दिलं, बेंबीत एरंडेल घातलं. मग औषधाच्या दुकानातून मलम आणलं, खाजेचं."

"दुकानदाराने विचारलं काय झालंय?"

"आईने सांगितलं, पायाला झालंय."

म्हणजे या पोरीचं दुखणं आजवर कोणी बघितलंच नव्हतं. आईने बघितलं नाही, दुकानदाराने बघितलं नाही आणि जिचं कामच बघण्याचं होतं, तिने तर डब्यात गेरू घालून दिला होता. राक्काईने बोळा भिंतीवर फेकून मारला.

"ही अक्की नाही," ती म्हणाली. "अक्की असं दोन्हीकडे पसरत नाही. ऊठ. सगायमेरीकडे जायचंय."

सगायमेरी गावच्या उपकेंद्रातली नर्स. पंचवीस वर्षं तिचं आणि राक्काईचं पटत नव्हतं, कारण सगायमेरी गेरूला चिखल म्हणायची. पण तिने तेन्मोळीला तपासलं, एकदा राक्काईकडे बघितलं आणि फोन उचलला. तासाभरात तिघी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात होत्या.

तिथली डॉक्टरीण तरुण होती आणि दमलेली होती. तिने पडदा ओढला, दिवा जवळ घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा चिखल कोणी लावला?"

"मी," राक्काई म्हणाली. "म्हणजे मी दिला. न बघता दिला. काय बोलायचं ते मला बोला, पोरीला नको."

डॉक्टरिणीने हातमोजे चढवले. तिने गेरू न लागलेला एक कोवळा फोड शोधला, तो उघडला आणि कापसाच्या काडीने त्याच्या तळाचं पाणी घेऊन काडी नळीत घातली. रक्तही घेतलं. मग हात धुऊन बसली.

"हर्पीस दिसतोय. अक्कीच्याच भावकीतला, पण घर वेगळं. हा माणसाकडून माणसाला लागतो, अंगसंगातून. पहिल्यांदा येतो तेव्हा असाच जोर करतो, ताप, अवधाण, लघवीची आग. काडीचा निकाल यायला आठवडा लागेल, पण मी थांबणार नाही, गोळ्या आजच सुरू."

"आणि रक्तात?" सगायमेरीने विचारलं.

"रक्त दुसऱ्या आजारांसाठी घेतलंय, तेही बघायला हवेत. ह्याची खूण रक्तात उमटायला काही आठवडे लागतात. आज बघितलं तर कागद कोरा येईल आणि कोणीतरी तो नाचवत म्हणेल, काही नाही झालेलं." मग ती तेन्मोळीकडे वळली. "नीट ऐक. तुझ्या अंगाला ह्याच्याशी लढायची सवय नाही, त्यामुळे बाळाकडेही ती पोचलेली नाही. कळा येऊन ह्या वाटेने बाळ आलं आणि त्याला हे लागलं, तर ते वाचेल ह्याची खात्री मी देणार नाही. म्हणून पोट उघडून काढायचं. तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि इथून हलायचं नाही."

राक्काईने विचारलं, "हा दिला कोणी, ते कळतं?"

"नाही. कित्येकांना वर्षानुवर्षं असतो आणि पत्ताच नसतो. फोडावर नाव लिहिलेलं नसतं."

"मग एवढ्या काड्या आणि नळ्या कशाला जमवल्यात?"

"बाळ वाचवायला," डॉक्टरीण म्हणाली.

एक गोष्ट राक्काईला खुपत होती. "अम्मा, लोकांना माझा गेरू लावून बरं वाटतं. असल्या जागेवरसुद्धा. चाळीस वर्षं वाटतंय."

"वाटणारच. गेरू लावा, राख लावा, नाहीतर काहीच लावू नका, पहिला फेरा दोन-तीन आठवड्यांत आपोआप सुकतो. नंतरचे तर आठवड्यातच. तो जात नाही, आत जाऊन झोपतो. मग पुन्हा त्याच जागी उठतो."

राक्काई बाहेर ओट्यावर येऊन बसली. रागाला आता कोणाचं तरी तोंड हवं होतं आणि प्रत्येक वेळी स्वतःचंच समोर येत होतं. आयुष्यभर ज्या कामाचा तोरा मिरवला त्यातलं अर्धं काम फोड स्वतःच करत होते, आणि हिने फक्त मांजर काढलं होतं.

दुपारी वेळ्ळत्ताई धापा टाकत आली. सगळं ऐकून तिने कपाळ बडवलं आणि राक्काईचे पाय धरले.

"अक्का, सासरची माणसं निघालीत. कोणीतरी कळवलं त्यांना. जावई कालच गाडीवरून घरी आलेत, तेही येतायत. तू एवढंच म्हण, अक्की आहे. तुझा शब्द त्यांच्या गावातही चालतो. अक्की म्हटलीस की पोरीचा संसार वाचेल."

"आणि अक्की म्हटलं की तिची सासू म्हणेल, अक्कीला कसलं पोट कापता, चला घरी. तिकडे सुईण आणि गेरू. मूल मेलं तर?"

"आणि नाही म्हटलंस तर पोर मेली समज! कुठं शेण खाल्लं विचारतील तिला. तिला, अक्का. त्याला कोण विचारतंय?"

वेळ्ळत्ताई शब्दाशब्दाने खरं बोलत होती. दुखणं दोघांत होतं आणि बदनामी एकटीला वाटून ठेवलेली होती. आत खाटेवर पडलेली एकोणीस वर्षांची पोर नवऱ्याखेरीज कोणाच्या सावलीत उभी राहिली नव्हती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि हेच गाव उद्या तिच्यावर थुंकायला पुढे आलं असतं.

सासरचे आले. पुढे पंचवर्णम, सासू, जाडजूड, घामाने निथळत. मागे वैरवन, खांदे रुंद, चेहरा गोंधळलेला, हातात बायकोसाठी आणलेली द्राक्षांची पिशवी. तेन्मोळीची खाट दाराजवळच होती आणि दार उघडं होतं.

"काय ऐकतेय मी?" पंचवर्णमने ओट्यावरूनच सुरुवात केली. "माझा लेक महिनोन्‌महिने रानोमाळ दगड फोडतोय आणि सून माहेरी बसून घाणेरडं दुखणं घेऊन येते? लाज आहे का काही? का आईनेच शिकवलंय?"

"हळू बोल," राक्काई म्हणाली. "पोर आत आहे."

"का हळू? ज्यांनी केलं त्यांनी हळू बोलावं. तुम्ही त्या अक्की लिहिणाऱ्या ना? तुमच्यावर आमचा विश्वास आहे. सांगा मग. अक्की असेल तर आत्ता गाडीत घालून घरी नेते, कोणी एक शब्द बोलणार नाही. अक्की नसेल तर तेही सांगा."

वेळ्ळत्ताईने पदराचा बोळा तोंडात धरला. आतून बांगड्या वाजल्या. तेन्मोळी उठून बसली होती. राक्काईने एकदा तिच्याकडे, तिच्या वर आलेल्या पोटाकडे बघितलं.

"अक्की नाही," ती म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. अक्की नाही आणि ही इथून हलणार नाही. हलवायला येईल त्याचा हात मोडीन."

वेळ्ळत्ताई भिंतीला टेकून खाली बसली. पंचवर्णमचा आवाज टिपेला गेला. "ऐकलंस, वैरवा? कुंभारीणच सांगतेय! आमच्या दारात ही नको. पोटातलं तरी कोणाचं आहे कोण जाणे..."

"आई, गप्प!" वैरवन ओरडला. पिशवी त्याच्या हातातून सुटून ओट्यावर पडली. "तिच्याबद्दल एक शब्द बोलू नकोस! आणि तुम्ही, अप्पत्ता, एवढी वर्षं अक्की लिहिता आणि ओळखता येत नाही? अक्कीच आहे ती! मला ठाऊक नाही होय? मलाच येते ना!"

राक्काई त्याच्याकडे वळली.

"चार वर्षं झाली," तो बोलतच होता, बायकोची बाजू मांडायच्या भरात त्याला स्वतःचंच भान नव्हतं. "वर्षातून तीनदा तरी येते. तिथंच, त्याच जागी. आधी मुंग्या, मग फोड. आमच्या गावचा कुंभार डब्यात गेरू देतो, आठ दिवसांत सुकते. दोन-तीन आठवड्यांमागे जत्रेला इकडे आलो तेव्हा नुकती सुकत होती. एवढ्याशा गोष्टीला पोट काय कापताय? आणि हिच्यावर चिखल काय उडवताय?"

राक्काईचा हात उचलला गेला होता. तो तिने हवेतच धरला. समोरचा गडी खोटं बोलत नव्हता, लपवतही नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की आपण बायकोला वाचवतोय.

"त्या कुंभाराने बघितलं होतं?" तिने विचारलं.

"काय?"

"तुला. चार वर्षांत एकदा तरी बघितलं का त्याने?"

"ती जागा कोण दाखवतं, अप्पत्ता?"

"आणि पहिल्यांदा आली ती कुठं असताना?"

वैरवनच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला. तो परराज्यातलं एका गावाचं नाव पुटपुटला आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

"विहीणबाई," राक्काई पंचवर्णमकडे वळली, "अक्की आयुष्यात एकदा येते. वर्षातून तीनदा, त्याच जागी उठते ती अक्की नाही. हे तुमच्या लेकाने माझ्या नाही, स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आता तो मघाचा प्रश्न पुन्हा विचारा. कोणाचं मूल म्हणालात? विचारा ना. मोठ्याने विचारा, तुम्हाला हळू बोलता येत नाही."

पंचवर्णम वाकून द्राक्षांची पिशवी उचलू लागली. आत तेन्मोळी रडत नव्हती. ती नवऱ्याकडे टक लावून बघत होती आणि त्या बघण्यापुढे वैरवनला दारातून आत पाऊल टाकवेना. डॉक्टरीणच शेवटी बाहेर आली, त्याला दंडाला धरून पडद्याआड घेऊन गेली. त्याला बघणारी ती पहिलीच.

निकाल सातव्या दिवशी आला, हर्पीसच. नवव्या दिवशी पोट उघडून मुलगी झाली. डॉक्टरांनी तिला काही दिवस नजरेखाली ठेवलं, तपासलं आणि सुखरूप आईच्या कुशीत दिलं. वैरवनलाही गोळ्या दिल्या आणि मुंग्या आल्या की बायकोपासून दूर राहायचं, एरवीही निरोध वापरायचा, हे त्याच्या आईसमोर बजावून सांगितलं. तेन्मोळी नवऱ्याशी अजून बोलत नव्हती. तो रोज येऊन दाराशी बसायचा. तिचं आणि त्याचं पुढे काय व्हायचं ते त्या दोघांनी ठरवायचं होतं, आणि त्यात तोंड घालू बघणाऱ्या चार बायकांना राक्काईने दवाखान्याच्या फाटकातूनच परत पाठवलं.

ती गावी परतली तेव्हा दारात एक म्हातारी डबा घेऊन बसली होती. राक्काईने डबा घेतला आणि रस्त्यावर भिरकावला. "ज्याला झालंय त्याला सगायमेरीकडे ने! ऊठ!" म्हातारी शिव्याशाप देत गेली. राक्काई उंबऱ्यात उभी राहिली आणि आठवू लागली, की असे डबे आपण कोणाकोणाला दिले. नावं एकामागून एक येत राहिली. तिने चप्पल घातली आणि भर दुपारी निघाली.

पहिल्या घरी दार उघडलं नाही. दुसऱ्या घरी नवऱ्याने तिला हाकललं आणि तिने त्याच्या सात पिढ्या काढल्या. तिसऱ्या घरी सेंबगम अंगणात सांडगे वाळत घालत होती. पस्तिशीची, तीन लेकरांची आई, गावातली सगळ्यांत हसरी बाई.

"सेंबगम, ऊठ. सगायमेरीकडे चल. तुला दिलेला गेरू मी न बघता दिला होता. ते बघायला हवं."

सेंबगमने पिठाचे हात झटकले आणि हसली. "कोणत्या वेळचा, अक्का? दर दोन-तीन महिन्यांनी नेते की मी. माझ्या धाकट्या बहिणीलाही तुझ्याच हातचा लागू पडतो, आमच्याकडेच राहते ना ती."

धाकटीचं लग्न अजून व्हायचं होतं, श्रावणात ठरलेलं. राक्काई पायरीवर बसली.

"चप्पल घाल," ती म्हणाली. "दोघी चला." आणि तिचा आवाज इतका हळू होता की सेंबगम घाबरली.